महिपतचा देश

त्या देशाचं खरं नाव कातळवाडीत कुणालाच धड घेता येत नव्हतं. मालगुंड गाडीच्या कंडक्टरने एकदा जोर लावून बघितला, तर मधेच ठसका लागून त्याची शिट्टी तोंडातून खाली पडली. तेव्हापासून सगळा गाव सरळ 'महिपतचा देश' म्हणायला लागला. 'महिपतच्या देशात बर्फ पडला काय रं?', 'महिपतच्या देशात गाय किती दूध देते?' असं चहा पिता पिता कुणीही विचारायचा, आणि महिपत गोताड खांद्यावरच्या फडक्याला हात पुशीत गंभीरपणे उत्तर द्यायचा. माहीत नसलं तर आणखी गंभीरपणे द्यायचा.

त्याचं हॉटेल रत्नागिरी-मालगुंड रस्त्यावर, एस.टी.च्या थांब्याला लागून. चिऱ्याच्या चार भिंती, दोन बाकडी आणि कांदाभजी. पण भिंतींवर एक बोट जागा रिकामी नव्हती. बर्फाचे डोंगर, लाल रुमाल बांधलेल्या पोरी, हत्तीएवढ्या गाई, ट्रॅक्टरवर बसून हसणारे शेतकरी. हसणारे शेतकरी बघून आमचे शेतकरी आधी घाबरले, मग त्यांना सवय झाली. हे सगळं त्या देशाच्या रेडिओने पाठवलेलं. संध्याकाळी साडेसातला त्यांचा हिंदी कार्यक्रम लागायचा, तिकडचीच एक बाई तो सादर करायची. कौलांवरून फणसापर्यंत तांब्याची तार ताणून महिपत तो पकडायचा आणि आवाज कसा आला, घरघर किती होती, काय आवडलं, असा अहवाल पोस्टाने कळवायचा. सातवी पास माणूस. हिंदी त्याने रेडिओ ऐकूनच उचललेली, त्यामुळे ती थोडी बातम्यांसारखी वाटायची. अहवालाच्या बदल्यात तिकडून कार्ड यायचं, कॅलेंडर यायचं, गुळगुळीत कागदाचं मासिक यायचं. त्या मासिकाची अर्ध्या गावातल्या पोरांच्या वह्या-पुस्तकांना कव्हरं घातलेली असायची.

गल्ल्यावरच्या खिळ्याला, सगळ्यांना दिसेल असं, एक घड्याळ होतं. त्र्याऐंशी सालचा सर्वोत्तम श्रोता म्हणून महिपतला बक्षीस मिळालेलं. ते त्याने तिकडच्याच वेळेवर ठेवलेलं. ड्रायव्हर वैतागायचे, कारण गाडी साडेदहाला यायची आणि घड्याळात पहाटेचे सहा वाजलेले असायचे. महिपत म्हणायचा, "तिकडं आता उठले असतील."

बायको चिमा म्हणायची, "त्यांना आधी उठव, मग दूध तापव."

तर अशी पाच वर्षं दोन देशांची मैत्री एका माणसाच्या पोस्टाच्या तिकिटांवर चालली होती. दिल्लीत कुणी हार घातले असतील, करार केले असतील, ते त्यांचं त्यांना ठाऊक. कातळवाडीच्या बाजूने जे काही संबंध होते ते महिपतचे होते.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात मुसा होडेकर हॉटेलात आला. मुसा खाडीकाठच्या मोहल्ल्यातला जुना तांडेल, मचव्यावर आयुष्य काढलेला, महिपतचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याच्या एकुलत्या मुलाला, मन्सूरला, मुंबईच्या एका एजंटाने बोटीवर खलाशाची नोकरी लावून दिली होती, आणि बोट चालली होती नेमकी महिपतच्या देशात. आई सकिना नको म्हणत होती. अरबस्तानात गेला असता तर मोहल्ल्यातली दहा घरं तिथे होती. हा देश कुणी बघितलेला नाही.

"तुज्या वळखीतला हाय म्हनून इचारतो," मुसा म्हणाला. "मानसं कशी हायत?"

महिपतने एकदा भिंतीवरच्या हसणाऱ्या शेतकऱ्यांकडे बघितलं. "बिनधास्त पाठव. घरची मानसं हायत."

मुसाने चहा संपवला आणि उठला. मन्सूर गेला. त्या एका वाक्यावर गेला.

गणपती होऊन गेले आणि पत्र आलं. मुसाच्या घरी नाही, महिपतच्या हॉटेलात. मन्सूरने लिहिलं होतं: 'महिपतकाका, तुमच्या देशात आहे, पण देशात पाय ठेवू देत नाहीत. कप्तान आमचे सगळ्यांचे पासपोर्ट घेऊन एका सकाळी जो उतरला तो आलाच नाही. बोटीचे कागद खोटे निघाले. आम्ही बारा जण धक्क्याला लागून बोटीवर बसलोय. पासपोर्ट नाही तर उतरता येत नाही, आणि उतरल्याशिवाय पासपोर्ट मागायला जाता येत नाही. धक्क्यावरचा एक म्हातारा पाव आणि बटाटे देतो, त्यानेच हे पत्र टाकलं. आता थंडी सुरू झाली. अम्मीला थंडीचं सांगू नका.'

महिपतने पत्र मुसाच्या हातात दिलं आणि मागच्या पडवीत जाऊन उगाचच लाकडं फोडत बसला. सकिना दुसऱ्या दिवशी आली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बाकड्याच्या टोकावर टेकली, भिंतींवरचा तो सगळा बर्फ सावकाश बघितला, आणि एवढंच म्हणाली, "भाऊ, घरची मानसं म्हनला होतास ना."

मग सुरू झाल्या कचेऱ्या. मुसा आणि महिपत दोघे रत्नागिरीला गेले. साहेब मीटिंगला होते. मीटिंग संपल्यावर साहेब जेवायला होते. शेवटी एका कारकुनाने पत्र वाचलं, आणि दोन्ही देशांचे संबंध अत्यंत सलोख्याचे आहेत असं सांगून परत दिलं. महिपतने विचारलं, मग त्यांना सांगा की पोरं सोडा म्हणून. तर म्हणे तिथे आपला दूतावास नाही. शेजारच्या देशातला आपला दूतावास तो देश जाता जाता बघतो. त्याला दिल्लीने लिहायला हवं, दिल्लीला मुंबईने, मुंबईला इथून, आणि इथून लिहायला पासपोर्टचा नंबर हवा. नंबर पासपोर्टवर होता. पासपोर्ट कप्तानाकडे होता. कारकुनाने हे इतक्या शांतपणे सांगितलं, जणू यात कुणाला काही हसण्यासारखं दिसूच शकत नाही. सलोखा, सलोखा म्हणतात तो हाच: दोघांनी एकमेकांना कधी काही विचारायचं नाही.

आत्माराम गुरुजींनी, म्हणजे गावच्या शाळेतून रिटायर झालेल्या मास्तरांनी, तीन पानी अर्ज लिहिला. 'उपरोक्त विषयास अनुसरून' पासून 'आपला नम्र' पर्यंत त्यात एक शब्द चुकीचा नव्हता आणि एक शब्द कामाचा नव्हता. अर्ज दिल्लीला गेला. दसरा झाला, दिवाळी झाली. त्या तीन पानांना कुठल्या टेबलावर कप ठेवायला जागा मिळाली असेल देव जाणे.

भागोजी हे सगळं हॉटेलच्या कोपऱ्यात बसून बघत होता. भागोजी म्हणजे गावाचा गावकर. देवळात कुणाचं काही अडलं, कुणाची म्हैस हरवली, पोरगी नांदेना, की नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचं काम त्याचं. तो एकेक ओळ म्हणणार आणि जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणून ती उचलून धरणार. त्याने गुरुजींचा अर्ज ऐकला होता आणि तेव्हाच नाक मुरडलं होतं.

"अर्ज सरकारला करतात," तो म्हणाला. "जेच्या हातात खरंच काय असतंय, तेला गाऱ्हानं घालतात. तुजी ती रेडिओवाली बाय हाय ना? तिच्या देशाला गाऱ्हानं घाल."

महिपतला पटलं. तो कागद घेऊन बसला. भागोजी सांगेल तसं हिंदीत उतरवायला लागला. आधी मान द्यायचा, तो दिला. मग आपण कोण ते सांगायचं, ते सांगितलं. मग भागोजी म्हणाला, "आता चूक सांग."

"कसली चूक?"

"तुजी. गाऱ्हान्यात आधी आपली चूक कबूल करायची, मग मागायचं. चूक लपवलीस तर गाऱ्हानं लागू व्हत नाय. तू त्या देशाचं काय वायट केलंस काय?"

महिपतने पेन खाली ठेवलं. नजर आपोआप घड्याळाकडे गेली.

ते घड्याळ खोटं होतं. म्हणजे चालत होतं बरोबर, पण मिळालं होतं खोटेपणावर. त्र्याऐंशीच्या पावसात वीज कडाडली आणि तारेतून उतरून रेडिओचं आतडं जाळून गेली. तीन आठवडे रेडिओ रत्नागिरीत दुरुस्तीला पडला होता. पण अहवाल चुकवला तर कार्ड यायचं बंद होईल या भीतीने महिपतने जुना अहवाल समोर ठेवला, तारखा बदलल्या आणि लिहून टाकलं: आवाज खणखणीत, घरघर अजिबात नाही, कार्यक्रम फार आवडले. तीन आठवड्यांचे तीन अहवाल. आणि त्याच वर्षी तो सर्वोत्तम श्रोता ठरला. घड्याळ आलं तेव्हा गावाने ताशा वाजवला होता. ही गोष्ट चिमालासुद्धा माहीत नव्हती, आणि चिमाला माहीत नसलेली त्याच्या आयुष्यातली ती एकच गोष्ट होती.

आता हे लिहायचं? लिहिलं तर त्या देशात जी काय थोडी पत होती ती गेली. मग आपलं ऐकणार कोण? नाही लिहिलं, तर भागोजी म्हणतो लागू होणार नाही. त्याने दोन दिवस ते पान पुढे सरकवलं नाही. तिसऱ्या दिवशी सकिना रस्त्याने गेली. हॉटेलकडे बघितलंसुद्धा नाही. महिपत आत आला आणि एका बैठकीत लिहून काढलं. वीज, दुरुस्ती, तारखा, सगळं. घड्याळ परत न्या असंही लिहिलं. खाली टीप टाकली: 'प्रत्येक ओळीनंतर सगळ्यांनी मिळून व्हय म्हाराजा म्हणायचं असतं. एकट्याने म्हणू नये.' पाकीट पोस्टात टाकून आला आणि घड्याळ उतरवून कागदात गुंडाळून भज्यांच्या पिठाच्या डब्यामागे ठेवलं. गिऱ्हाइकांना सांगितलं, बिघडलंय.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी ती वेळ आली. रविवारी श्रोत्यांची पत्रं वाचायचे. गेले तीन रविवार निम्मा गाव हॉटेलात जमत होता आणि कुणा दुसऱ्यांचीच पत्रं ऐकून घरी जात होता. मुसा रेडिओला खेटून बसलेला. सकिना आणि तिची पोरगी फरीदा बाहेर, फणसाखाली. आणि रेडिओवाली बाई तिच्या त्या गोल गोल हिंदीत म्हणाली की आज रत्नागिरीहून एक वेगळ्या प्रकारचं पत्र आलेलं आहे.

तिने वाचायला सुरुवात केली. "हे दूर देशा महाराजा, मी महिपत गोताड, गाव कातळवाडी, समुद्राच्या या काठावरून तुझ्या दारात उभा आहे." आणि थांबली. आणि मग तीन-चार गोऱ्या माणसांनी, घसा खाकरत, एकाने आधी तर एकाने नंतर, म्हटलं, "वोय माराजा."

मग पुढची ओळ आली, आणि इकडून भागोजीसकट चाळीस माणसांनी रेडिओच्या छातीवर असं 'व्हय म्हाराजा' घातलं की कौलांवरचा कावळा उडाला. तिकडचे चार आणि इकडचे चाळीस. ओळीमागून ओळ. आमचा एक पोरगा आणि त्याच्यासोबतचे अकरा तुझ्या धक्क्यावर अडकलेत, व्हय म्हाराजा. त्यांनी काही चोरलं नाही, कुणाला मारलं नाही, व्हय म्हाराजा. त्यांच्या आया इकडे वाट बघतात, व्हय म्हाराजा. मुसाचा आवाज मधेच फुटला, तरी तो म्हणत राहिला. बाईने शेवटची ओळ वाचली, धन्यवाद म्हटलं, आणि सतार लागली.

लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागले. भागोजी मात्र बसून राहिला.

"म्हयपत, मधला भाग गाळला."

महिपतलाही कळलं होतं. चुकीची कबुली बाईने वाचलीच नव्हती. त्याला वाटलं, बिचारीने आपली लाज राखली. पाच वर्षांची ओळख. आतून सुटल्यासारखं झालं, अगदी थंड पाणी प्याल्यासारखं.

"मग लागू व्हायचं नाय," भागोजी म्हणाला. "लाज राखून गाऱ्हानं व्हतं काय?"

कसला भाग, कसली चूक, कुणालाच ठाऊक नव्हतं. मुसा महिपतच्या तोंडाकडे बघत होता. गप्प बसणं अगदी सोपं होतं. मोठमोठ्या कचेऱ्यांतली मोठमोठी माणसं आयुष्यभर तेच करून पेन्शन घेतात. महिपतने पिठाच्या डब्यामागे हात घातला, घड्याळ काढलं, बाकड्यावर ठेवलं आणि उभा राहिला.

"बा देशा म्हाराजा," तो म्हणाला. "त्र्याऐंशी सालात माजा रेडिओ जळला व्हता. तीन आठवडे मी तुजा शबुद आयकला नाय. तरी खनखनीत आयकला म्हनून लिवलं. ह्ये घड्याळ मी फसवून मिळवलं."

चाळीस तोंडं मिटलेली. ज्या घड्याळासाठी ताशा वाजवला ते असं निघालं म्हटल्यावर काय म्हणणार? चिमा चुलीपाशी झारा हातात धरून उभी, आणि तेलातली भजी काळी पडायला लागलेली.

"व्हय म्हाराजा."

बाहेरून, फणसाखालून, सकिनाने म्हटलं. गाऱ्हाणं देवाला नव्हतं, देशाला होतं. त्यात कुणाचा धर्म आडवा यायचं काही कारण नव्हतं. आई होती, म्हणाली. तिच्यामागून फरीदा, मग मुसा, आणि मग सगळ्यांनी मिळून असं म्हटलं की मालगुंडहून आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरने ब्रेक मारून काय झालं म्हणून विचारलं.

भागोजी उठला, धोतर झटकलं. "आता झालं," म्हणाला. "भजी करपली वाटतं."

शिमग्याच्या आठ दिवस आधी, साडेदहाच्या गाडीतून मन्सूर उतरला. दाढी वाढलेली, अंगात गुडघ्यापर्यंत येणारा कसला तरी लोकरी कोट, कपाळावर घामाच्या धारा. तो कोट काढेना, कारण तो सगळ्यांना दाखवायचा होता. सकिनाने त्याला आधी दोन धपाटे घातले आणि मग जवळ घेतलं. मुसा पोराची पेटी स्वतः उचलून चालायला लागला आणि चुकीच्या दिशेने बराच लांब गेला.

संध्याकाळी मन्सूर हॉटेलात आला, आणि गर्दी पांगल्यावर त्याने महिपतला बाजूला घेतलं. "काका, ती बाय तुमास्नी लय सलाम सांगते. आनि एक निरोप दिलाय. कुनाला सांगायचा नाय."

मग त्याने सांगितलं ते असं. त्र्याऐंशी साली, त्याच तीन आठवड्यांत, त्या रेडिओचं आशियाकडे कार्यक्रम फेकणारं यंत्रच बंद पडलं होतं. आशियात कुणालाच काही ऐकू गेलं नव्हतं. तिथला जो अधिकारी होता त्याने वरच्यांना कळवलेलं, सगळं व्यवस्थित चालू आहे. वरच्यांना संशय आला, चौकशी बसली. सगळीकडून श्रोत्यांच्या तक्रारींचा ढीग पडलेला, आणि त्या ढिगात रत्नागिरीहून तीन पत्रं: आवाज खणखणीत, घरघर अजिबात नाही. त्या पत्रांवर साहेबाची नोकरी वाचली. म्हणून घड्याळ.

महिपतने बोटांवर ते तीन आठवडे पुन्हा मोजले.

"तुमचं गाऱ्हानं आलं तवा सायेब पांढरा पडला," मन्सूर म्हणाला. "फाडून टाकतो म्हनाला. बाय म्हनाली, फाडा, मी तोंडपाठ केलंय. एकतर सगळं वाचते, नायतर माज्याबरोबर बंदरावर चला. सायेब तसाच गाडीत बसला. आमच्याकडं मायक्रोफोन घेऊन आले. शेजारच्या देशातल्या आपल्या दूतावासाला फोन लावला, दोन देशांच्या मैत्रीवर मुलाखत द्या म्हनून. आपला सायेब कोट-टाय घालून दुसऱ्या दिवशी हजर. मायक्रोफोनसमोर बायनं इचारलं, ही तुमची मानसं न्हवं? आता नाय कसा म्हननार? तिथंच कागद केले."

म्हणजे जे दोन सरकारांना जमलं नाही ते दोन खोटारड्यांच्या अहवालांनी केलं. इकडे एक साहेब कागदामागे लपलेला, तिकडे एक साहेब कागदामागे लपलेला. फरक एवढाच की तिकडच्याला धरून ओढणारी एक बाई होती. महिपत आधी गालातल्या गालात हसला, मग त्याला जे हसू फुटलं ते चिमा धावत येईपर्यंत थांबलं नाही. तिने विचारलं काय झालं. त्याने पहिल्या दमातच सगळं सांगून टाकलं. कुणाला सांगायचं नाही म्हणजे चिमाला सांगायचं नाही असं त्यात कुठे होतं?

घड्याळ परत खिळ्यावर गेलं. मन्सूरनेच लावलं, तिकडच्या वेळेला, कारण आता त्यालाही तिकडे कोण कधी उठतं ते ठाऊक होतं. धक्क्यावरच्या म्हाताऱ्याला सकिनाने सुक्या बांगड्यांचं पार्सल पाठवलं. पोस्टातल्या बाबूने तीनदा वास घेतला आणि तरी स्टँप मारला.

त्या आठवड्यात वारा उलटा होता, रेडिओवर नुसती खरखर. महिपतने कार्ड घेतलं आणि पाच वर्षांत पहिल्यांदा लिहिलं: 'तुमचा कार्यक्रम अजिबात ऐकू आला नाही. मन्सूर पोचला.'

महिन्याने उत्तर आलं. बाईच्या गोल अक्षरात दोनच ओळी होत्या. 'अहवालाबद्दल आभार. या वेळी आम्ही खरोखरच बोलत होतो.'